गाडी तिच्या नावावर आहे

आमच्या घरात स्कूटर चालवायची बायको आणि मागे बसायचो मी. डोंबिवलीत या गोष्टीचं लोकांना भारी कौतुक. कोपर स्टेशनच्या रस्त्यावरचे रिक्षावाले आम्हाला बघून मुद्दाम हॉर्न वाजवायचे, आणि आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ मला 'डबलसीट साहेब' म्हणत. मला त्याची लाज कधी वाटली नाही. मी ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. बोर्डावर वाकून मशीनचे सुटे भाग काढण्यात माझी हयात गेली. कागदावर रेघ सरळ आली म्हणून रस्त्यावर हँडल सरळ राहतं असं नाही, हे मला गाडी घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात एका भाजीवाल्याच्या टोपल्यांनी शिकवलं. त्यानंतर मी मागची सीट धरली ती धरलीच.

गाडी घेतलेली तिच्या कामासाठी. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. उजाडता उजाडता निघायची आणि घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. डोंबिवली पश्चिमेतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या शिरा तिला पाठ होत्या. बाजारात कोणी ओळखीचं भेटलं की 'कशा आहात' विचारायच्या आधी हिची नजर त्या बाईच्या दंडावर. पुढे गेल्यावर मागे वळून मला सांगायची, 'यांची डावीकडची बरी सापडते.' जणू उद्या मलाच सुई टोचायला जायचं होतं. मी म्हणायचो, 'पुढे बघ.' गाडीवर मला एवढाच अधिकार होता.

ती गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली. छातीत दुखतंय म्हणाली, मी रिक्षा आणायला खाली धावलो, रिक्षा घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. गाडी खालीच उभी होती आणि मला ती चालवता येत नव्हती, हे इथे एकदाच लिहितो आणि पुढे जातो. आम्हाला मूलबाळ नाही. तिच्यामागे घरात मी राहिलो आणि पार्किंगमध्ये तिची गाडी.

गाडीला मी रोज सकाळी फडकं मारतो. बॅटरी केव्हाच गेली, टायर बसलेत, पण धूळ मी बसू देत नाही. कधी कधी आसपास कोणी नसेल तर डबल स्टँडवर उभ्या असलेल्या त्या गाडीवर जरा बसतो. मागच्या सीटवर. पुढे बसायचं मनातही येत नाही. वॉचमनने एकदा मला तसं बसलेलं बघितलं आणि बिचारा गेटकडे तोंड करून उभा राहिला. त्या दिवसापासून तो मला जरा जास्तच अदबीने सलाम करतो, आणि मला त्याचा राग येतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमचा सेक्रेटरी दारात आला. तरुण आहे, आयटीत आहे, सोसायटी एखाद्या कंपनीसारखी चालवतो. हातात मोबाइल, त्यात फोटो. फोटो तिच्या गाडीचा होता.

"काका, पार्किंगचे नवीन स्टिकर काढतोय. प्रत्येक गाडीची आरसी लागेल. ओरिजिनल दाखवायची आणि एक झेरॉक्स द्यायची."

"आणि नसली तर?"

"तर ती गाडी बेवारस पकडणार. भंगारवाल्याशी बोलणं झालंय, वर्ष संपलं की सगळ्या एकदम उचलणार तो. तसं पण काका, तुमची बंदच असते ना? एक स्लॉट फुकट अडकलेला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बेवारस म्हणजे काय रे?" मी म्हणालो. "मी काय मेलोय?"

"अहो तसं नाही हो काका, मीटिंगमध्ये ठरलंय," असं म्हणत तो दोन पायऱ्या उतरलासुद्धा. मी दार आपटलं. एकटं राहायला लागल्यापासून दार आपटण्यात पूर्वीची मजा राहिलेली नाही. आतून कोणी 'काय झालं' म्हणून विचारत नाही, त्यामुळे आपटून झाल्यावर आपणच आत जाऊन पाणी पितो.

पाणी पिऊन गाडीचं पुस्तक, म्हणजे ती आरसी, शोधायला लागलो. ते कपाटात वरच्या खणात, प्लॅस्टिकच्या कव्हरात असायचं. नव्हतं. कपाट उपसलं, गाद्या उलटल्या, तिच्या पर्सा झटकल्या. दुसऱ्या दिवशी तेच सगळं उलट्या क्रमाने केलं. तिसऱ्या दिवशी देव्हाऱ्यासमोर बसून उदबत्ती लावताना कोपऱ्यात उभा करून ठेवलेला पाट दिसला आणि सगळं आठवलं.

आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रं पुजतात. शस्त्रं म्हणजे काय, ज्याचं पोट ज्यावर चालतं ते. पाटावर लाल फडकं, त्यावर माझा कंपास, सेट-स्क्वेअर, आणि तिचा दंडाला बांधायचा रबरी पट्टा, एक न फोडलेली सुई, गाडीची किल्ली आणि गाडीचं पुस्तक. त्यावर हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. मी देवाधर्माचा फारसा नाही, पण सुईवर हळदकुंकू वाहताना ती जे तोंड गंभीर करायची ते बघायला मला आवडायचं. मांडायचं काम दोघांचं. दुसऱ्या दिवशी उचलायचं काम तिचं.

ती गेली त्यानंतरचा दसरा केला नाही. सुतकाचं वर्ष. गेल्या वर्षीचा दसरा हा माझा एकट्याने मांडलेला पहिला दसरा. सगळं बारकाईने मांडलं, रबरी पट्टासुद्धा शोधून काढला. आणि दुसऱ्या दिवशी उचलताना कंपास, किल्ली, पट्टा, हाताला लागलं ते बाजूला काढलं आणि फडक्याची चार टोकं धरून उरलेलं सगळं निर्माल्याच्या पिशवीत ओतलं. पुस्तक सपाट. झेंडूच्या खाली ते कळलंच नसणार. पिशवी घेऊन खाडीवर गेलो. निर्माल्याचा कलश भरून वर आलेला होता, म्हणून पिशवी काठावरून पाण्यात सोडून दिली आणि दोन्ही हात जोडले. म्हणजे सरकारी कागद मी स्वहस्ते, यथासांग, नमस्कार करून बुडवला.

आठवल्यावर उगाचच खाडीवर गेलो. काय मिळणार होतं? भरती होती, पाणी गढूळ. होडीत जाळं नीट करत एक म्हातारे कोळी बसले होते. मला काठाकाठाने वाकून बघताना पाहून त्यांनी विचारलं, "काय हरवला?"

"पुस्तक. गाडीचं."

"गाडी परली खारीत?" ते एकदम उभेच राहिले.

"गाडी नाही हो, पुस्तक. फुलांबरोबर गेलं."

ते परत खाली बसून जाळ्याला लागले. "घरचे कुनाला तरी घेऊन याचा ना संगती," असं म्हणाले. पाय घसरेल म्हणून म्हणाले असतील. मी हो म्हटलं आणि परत आलो.

हल्ली मोबाइलवर सगळं दिसतं म्हणतात. पण मोबाइलवर बघायचं तर चेसिस नंबर पाहिजे, चेसिस नंबर पुस्तकात असतो एवढंच मला माहीत, आणि शिवाय सेक्रेटरीला ओरिजिनल हवं होतं. तेव्हा डुप्लिकेट काढणं आलं. मी पिशवी भरली. त्यात माझं आधार, तिचं आधार, लग्नाचा दाखला, विम्याचे जुने कागद आणि तिच्या मृत्यूच्या दाखल्याच्या तीन साक्षांकित प्रती. मी व्यवस्थित माणूस आहे. कल्याणला निघालो तेव्हा जे खरं आहे ते सांगायचं आणि जे होईल ते करून घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

आरटीओच्या भिंतीला लागून एजंटांची टेबलं असतात, वर रंगीत छत्र्या. मला भेटला तो बोलायला गोड, अंगाने भरलेला, गळ्यात जाड चेन.

"बसा काका. टेन्शन नाय घ्यायचा. आरसी हरवली ना? रोज धा येतात. गाडी कोनाच्या नावावर?"

"बायकोच्या."

"मॅडम येतील सहीला, का घरीच असतात?"

माझा हात पिशवीत गेलेला होता. दाखल्याचा कागद बोटांना लागतही होता. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "नाव बदलून घ्यायचं असेल तर काय करावं लागतं?"

"काय नाय, सोपं हाय. त्याच्यातच होऊन जाईल. मॅडमचं नाव कट होनार, तुमचं चढनार." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "पन कशाला? मॅडम हायेत ना?"

नाव कट होणार. हे मी आधी ऐकलेलं होतं, फक्त प्रत्येक ऑफिसात शब्द वेगळे होते. रेशन कार्डावरून मीच तिचं नाव कमी करून आणलं. विजेचं बिल तिच्या नावावर यायचं, ते माझ्या नावावर करून घेतलं. घराच्या शेअर सर्टिफिकेटवर आमची दोघांची नावं होती, तिथे तिच्या नावावर माझ्यासमोर लाल शाईची रेघ ओढली गेली, आणि ती थोडी वाकडी आली म्हणून मला पट्टी द्यावीशी वाटली होती. बँक, गॅस, सगळं. जुनी रेघ खोडून नवी मारायची मला आयुष्यभराची सवय. तेरावं झालं आणि मी कामाला लागलो. लोक म्हणाले, बघा, किती खंबीर माणूस. आणि मी एकेका खिडकीवर तिला पुसत फिरत होतो. त्या टेबलाशी बसल्यावर लक्षात आलं की सगळीकडून पुसून झालं आहे आणि ही एवढी एकच जागा माझ्याकडून राहिली आहे. या एका सरकारी खात्यात ती अजून होती. तिथे तिच्या नावावर एक वस्तू होती, म्हणजे तीही होती.

मी हात पिशवीतून बाहेर काढला. "आहेत ना," म्हणालो. "घरीच असतात."

इतकं साधं होतं. माझ्या आवाजात काही फरक पडला नाही. एजंटने मान हलवून फॉर्म पुढे ओढला आणि मला एकदम खूप बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची थोडी भीतीही वाटली.

मोबाइल नंबर माझाच निघाला. तिच्या सगळ्या कागदांवर नंबर माझा, कारण रक्त काढताना फोन वाजलेला तिला खपत नसे. त्यामुळे सरकारने तिला पाठवलेला ओटीपीचा आकडा माझ्या खिशात आला आणि मी तो वाचून दाखवला. कोणाला संशय यायचं कारणच नव्हतं.

प्रतिज्ञापत्र टाइप करायला शेजारच्या टपरीत एक बाई बसल्या होत्या. बोटं कीबोर्डवर, डोळे स्क्रीनवर.

"मॅडमचं वय?"

ती गेली तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. पण घरी असलेली बाई दोन वर्षांत दोन वर्षांनी मोठी होते.

"काका, वय?"

"त्रेसष्ट," मी म्हटलं. तिथे त्या टपरीत, पंख्याच्या वाऱ्यात कागद धरून, मी तिला दोन वर्षं मोठी केली. त्रेसष्टची ती कशी दिसली असती हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलं नव्हतं. केस पांढरे सोडले असते का? तिने सोडले नसते. सुनेच्या वयाच्या पोरींच्या शिरा शोधते, पांढऱ्या केसांनी त्या घाबरतील, म्हणाली असती.

"व्यवसाय?"

"लॅबमध्ये आहेत."

"अजून नोकरी करतात?" बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "छान. आमच्यात पन्नाशीलाच गुडघे जातात. हरवल्याचं ठिकाण काय लिहू?"

मी देव्हारा म्हणणार होतो. एजंट मागून म्हणाला, "प्रवासात लिव्हा ताई."

सही राहिली. एजंट म्हणाला, 'आना इकडं, आमचा पोरगा मारून देतो, सगळेच करतात.' याचा मात्र मला संताप आला. तिची सही कोणीतरी पोरगा मारणार? "काही गरज नाही," म्हणालो, "घरून करून आणतो." त्याला वाटलं मॅडमकडून.

घरी जेवणाच्या टेबलावर बसलो. समोर विम्याच्या कागदावरची तिची जुनी सही. मी ड्राफ्ट्समन. ट्रेसिंगवर लोकांच्या ड्रॉइंगची हुबेहूब नक्कल करण्यात उभा जन्म गेला, तर एक सही काय अवघड? पण जमेना. प्रत्येक वळण बरोबर यायचं, उंची बरोबर, कोन बरोबर, आणि ती सही तिची दिसायची नाही. फार नीटनेटकी दिसायची. ती सही करायची ती निघायच्या घाईत, एक पाय चपलेत घालून. शेवटी मी उठलो, दारात जाऊन चप्पल घातली, कागद भिंतीला लावला आणि बघता बघता करून टाकली. ती बरीच जमली. चप्पल घालून मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो, आणि कुठे जायचं नव्हतं म्हणून काढून ठेवली.

चेसिस नंबरचा ठसा तेवढा गाडीवरून घ्यायचा होता, कसा ते एजंटने सांगितलं होतं. पाय ठेवायच्या जागेवरची रबरी मॅट उचलायची, खाली एक छोटं झाकण असतं, ते काढलं की लोखंडावर आकडे कोरलेले दिसतात. त्यावर पेन्सिल घासायची आणि पारदर्शक चिकटपट्टी दाबून अलगद उचलायची. आकडे पट्टीवर उतरतात. हे काम माझ्या हाताला बसणारं होतं. मी पार्किंगमध्ये मांडी घालून बसलो आणि दोन पट्ट्या खराब करून तिसरी चोख काढली. मॅटखाली वाळू होती, खडी होती, कुठल्या कुठल्या गल्लीतून तिच्या चपलांबरोबर आलेली. झाडून टाकायला पाहिजे होती. मी मॅट परत तशीच दाबून बसवली.

कागद द्यायला परत कल्याणला गेलो. एजंट मला खिडकीपर्यंत घेऊन गेला. आतले साहेब सभ्य होते, त्यांनी कागद एकेक करून पाहिले आणि चष्म्यावरून विचारलं, "अर्जदार कुठे आहेत? बाईंच्या नावाने आहे हे."

एजंट शांतपणे म्हणाला, "आजारी हायेत साहेब. झोपून असतात. हे मिस्टर हायेत त्यांचे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालंय?"

"छातीत दुखतं," मी म्हणालो.

"मग काका, त्यांना एकटं टाकून कशाला आलात एवढ्या लांब? या एजंटकडे पाठवायचे कागद." त्यांनी शिक्का मारला. "जा लवकर घरी."

आणि मी खरोखर लवकर निघालो. कोणी विश्वास ठेवणार नाही, पण त्या जिन्यावरून उतरताना मला तिची काळजी लागली होती. घरी कोणी नाही, तिला पाणी कोण देईल, असं काहीतरी. लोकलमध्ये बसल्यावरही ते टिकलं. डोंबिवलीला उतरल्यावर स्टेशनबाहेर मी मोसंबी घेतली. आजारी माणसाकडे जाताना हातात काही असावं म्हणून माणूस घेतो तशी. घरी येऊन टेबलावर ठेवल्यावर भानावर आलो. मला मोसंबी आवडत नाही. एकेक करून संपवली तरी आठवडा गेला.

मग वाट बघण्याचे दिवस आले. मोबाइलवर तिच्या नावाने मेसेज यायचे. तुमचा अर्ज मिळाला आहे. तुमचा अर्ज मंजूर झाला आहे. तुमचं कार्ड छापून झालं आहे. प्रत्येकाच्या सुरुवातीला तिचं पूर्ण नाव, आणि प्रिय. दोन वर्षांत तिला कोणी काही पाठवलं नव्हतं. मी ते मेसेज पुसले नाहीत. खरं सांगायचं तर ते आठवडे माझे बरे गेले. सेक्रेटरी जिन्यात भेटला की मी आपण होऊन म्हणायचो, "येतंय हं कार्ड, निघालंय तिथून." घरी काही येणार आहे, आणि ते माझं नाही, तिचं आहे, हा विचार घेऊन मी सकाळी उठायचो. डाळ जरा जास्त टाकली जायची. एकट्या माणसाला घरात कोणीतरी आहे असं मानायला फार काही लागत नाही, एक सरकारी शिक्का पुरतो.

पोस्टमन आला तेव्हा मी टेबलाशी बसून तांदूळ निवडत होतो. जुना पोस्टमन बदलून गेला होता. हा नवा, घामाने भिजलेला, हातात स्पीड पोस्टचं जाड पाकीट.

"मॅडम आहेत का? त्यांच्या नावाचं आहे. बोलवा ना जरा, सही पाहिजे."

त्या काही आठवड्यांत मी ते इतक्या जणांना सांगितलं होतं की जीभ सरावली होती. आहेत, घरीच असतात, आजारी आहेत. "थांबा हं," म्हणालो, आणि आत तोंड करून हाक मारली. "अगं, ऐकलंस का? पोस्टमन आलाय."

लग्नापासून मी तिला नावाने हाक मारली नव्हती. माझी हाक हीच. ती गेल्यापासून त्या घरात मोठ्याने बोलायचं कारण पडलं नव्हतं, आणि तरी हाक नेहमीच्या आवाजात निघाली, कुठेही न अडखळता, आणि स्वयंपाकघरापर्यंत गेली. पोस्टमन वाट बघत उभा राहिला. मीही राहिलो. मान थोडी कलती करून मी खरंच वाट बघत होतो. 'आले हो' म्हणायला तिला जेवढा वेळ लागायचा तेवढा गेला. हात पुसत बाहेर यायला लागायचा तेवढाही गेला. आत पंखा फिरत होता.

"झोपल्या असतील," पोस्टमन म्हणाला. "राहू द्या काका, उठवू नका. तुम्हीच करा सही. नातं लिहा फक्त."

मी सही केली आणि पुढे 'पती' असं लिहिलं. तो भराभर जिना उतरून गेला.

पाकीट फोडलं. एवढंसं कार्ड. त्यावर तिचं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात, कोणाची पत्नी त्या जागी, माझं. मला जे पाहिजे होतं ते सगळं त्यावर होतं. ते हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, कारण हाक मारली होती आणि कोणी आलं नव्हतं, तर कोणीतरी आत जाऊन बघायला पाहिजे होतं. ओट्यावर माझा चहाचा कप होता. बाकी काही नव्हतं. तिथे दाराला धरून मी रडलो. ती गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं, दहाव्याला भरलेलं होतं, आणि नंतर मला कागद होते. सगळ्यांनी मला ती गेली म्हणून सांगितलं होतं, मीही सगळ्यांना लिहून दिलं होतं, फक्त तिला विचारायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीला कार्ड दाखवून झेरॉक्स दिली. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "काका, नाव अजून काकूंचंच आहे की."

"हो," म्हटलं. "गाडी तिचीच आहे."

त्याने स्टिकर काढून दिलं, ते मी स्वतः हेडलाइटच्या काचेखाली पट्टी लावून सरळ चिकटवलं. आता गाडीला कोणी हात लावणार नाही. हाक मात्र मी त्या दिवसानंतर घरात मारलेली नाही.